बाटली वैशालीकडे

१३ जुलै, रविवार

केळणा नदीच्या काठी दिवसभर. जूनमध्ये गाईडसरांच्या मागे कोकणात खाडीचा चिखल तुडवून आले, तेव्हाच सर म्हणाले होते, समुद्राकडच्या नद्या सगळेच करतात, तुम्ही तुमच्या जालन्यातली नदी आणि डोंगर करा, तिथले कोळी कुणी बघितलेत? बघितले नाहीत हे खरं. का बघितले नाहीत तेही आज कळलं. ऊन, चिलटं, आणि पुलावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारतो, "काय हरवलं, बाई?"

सोबत वैशाली. (यापुढे वै. लिहीन, हात दुखतो.) आमच्याच विभागात तासिकेवर शिकवते. नवरा गजानन एमआयडीसीत रोलिंग मिलला, सासर धावड्याचं. मला फील्डला सोबत हवी, तिला पुढेमागे पीएच.डी. करायचीय. दोघींची गरज, म्हणून जमतं. शिवाय पोरगी गुणी आहे. माझ्यासारखी चिडत नाही.

दुपारी तिलाच दिसला. ओल्या वाळूवर पळणारा लांडगा कोळी. हे जाळं विणत नाहीत, धावून शिकार करतात. पायांवर पट्टे, पाठीवर मधोमध पांढरी रेघ. असा मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. एक नर आणि एक मादी मिळाली. मी इतकी खूष झाले की चप्पल चिखलात राहिली.

पद्धत आमची ठरलेली. मी पकडते, वै. अल्कोहोलच्या बाटलीत टाकते. पहिल्या फील्डला माझे हात खरोखर बरबटलेले होते, तेव्हा म्हटलं, "तू टाक गं." आता हात कोरडे असले तरी तीच टाकते. मी तोवर चिठ्ठीवर पेन्सिलीने जागा, तारीख आणि संकलकाचं नाव लिहिते. नाव माझं.

१४ जुलै, सोमवार

कालची जोडी मायक्रोस्कोपखाली घेतली. नर पूर्ण वाढलेला, मादी कच्ची. कोळ्याची जात पक्की करायची तर जाणत्या मादीचं पोटाखालचं अंग उघडून बघावं लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. फोटोवर भागलं असतं तर किती बरं झालं असतं. सर फोनवर म्हणाले, "नवीन असू शकते हं. चांगल्या माद्या आणा." मी ते वाक्य दिवसभर चघळते आहे.

सूर्य मावळायच्या आत जेवण. सासूबाईंनी (आम्ही मम्मीजी म्हणतो) विचारलं, "मिली क्या तेरी मकड़ियाँ? फोटो दिखा." दाखवले. त्यांची समजूत आहे की मी फोटोच काढते. मी तसं कधी म्हणाले नाही. त्यांनी तसा समज करून घेतला आणि मी करून घेऊ दिला.

जैनाच्या घरातली सून आणि जीव मारायचा अभ्यास. लग्नाआधी नुसतं शिकवायचे तेव्हा प्रश्न नव्हता. पण आमच्याही घरात काय कमी गंमत आहे? दुकान बी-बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं. हे दिवसभर बोंडअळीवर काय मारायचं ते सांगतात आणि घरात झुरळ निघालं की कागदावर घेऊन गच्चीत सोडून येतात. एकदा बोलले तर म्हणाले, "आपण विकतो. मारत नाही." तेव्हा फार हसले होते मी.

२० जुलै, रविवार

धावडा. गावामागचा डोंगर. वै.च्या सासूबाईंकडे चहा झाला. त्यांना मी मावशी म्हणते, वै. आत्याबाई. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत मेंढरं होती, आता मका, मिरची आणि दारात चार शेळ्या. मावशींचं बोलणं तिखट, हात सढळ. निघताना भाकरी-ठेचा बांधून दिला. लसूण असणार, म्हणून मी खाल्ला नाही. वै.ने पण नाही खाल्ला. "इच्छा न्हाई, मॅडम," म्हणाली.

डोंगरात छत्री उलटी धरायची, वरची फांदी काठीने झोडायची, छत्रीत पडेल ते बघायचं. वै. फार हळू चालत होती. मध्येच पळसाखाली बसली. मी बोलले, "अशी बसलीस तर ऊन येईल डोक्यावर." उठली बिचारी. नंतर छत्री तिनेच धरली. हात वर धरून धरून थरथरत होते, ते मला आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा मी छत्रीत काय पडलं ते बघत होते.

डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यात पुन्हा तोच पांढऱ्या रेघेचा. म्हणजे नदीतच नाही, इथेही आहे. नर निघाला. माद्या कुठे दडल्यात कोण जाणे.

२७ जुलै, रविवार

मिळाली. धावड्याच्या ओढ्यात, दगडाच्या आडोशाला. पाठ पिल्लांनी भरलेली, पांढरी रेघ दिसतही नव्हती. लांडगा कोळ्याची मादी अशीच करते, अंडी फुटली की पोरं पाठीवर घेऊन हिंडते. पिल्लं आहेत म्हणजे मादी जाणती, यात शंकाच नाही. मी डबी उपडी घातली, खालून कागद सरकवला.

वै. बाटली उघडून थांबली.

"मॅडम, ही लेकुरवाळी हाये."

"म्हणूनच तर हवी आहे."

"पिल्लं काढून सोडून द्यावं का अगोदर? ब्रशनं निघतील."

निघाली असती. वेळ लागला असता, पण निघाली असती. आणि या आकाराला आल्यावर त्यातली काही जगलीही असती. मी म्हटलं, "टाक जल्दी, पळून जाईल." डबीतून कुठे पळणार होती ती.

मी वळून शेजारच्या मिरचीच्या वावराकडे बघत पाणी प्यायले. मागून काही आवाज आला नाही. येतच नसतो.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम विद्यापीठातल्या गमती सांगितल्या. भोकरदनला चहा पाजला. तिने अर्धा सांडला. मला तिचा राग आला. का आला ते कळतंय, पण लिहीत नाही.

२८ जुलै, सोमवार

काल जे बघितलं नाही ते आज लॅबमध्ये बघावं लागलं. पिल्लं सुटी होऊन बाटलीच्या तळाशी बसली होती, राजगिऱ्यासारखी. आई वेगळी.

मादी जाणती. पोटाखालच्या अंगाचा आकार पुस्तकातल्या कुठल्याही आकृतीशी जुळत नाही. सरांना फोटो पाठवला. सरांचा लगेच फोन, आवाज उत्साहाने चढलेला. एकीवर नवीन जात सांगता येत नाही, आणखी हव्यात, पावसाळा आहे तोवर जा. मी आनंदाने "हो सर" म्हटलं. आनंद खरा होता, तो खोटा लिहिणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार

फील्ड नाही. मम्मीजींनी जैन स्थानकात नेलं. चातुर्मासाला आलेल्या साध्वींचं, महासतीजींचं प्रवचन. माझं लक्ष मुलींच्या ओढण्यांकडे. मग एकदम कानावर आलं. पाप करणं, करवून घेणं आणि कुणी करताना त्याला मनातून हो म्हणणं, तिन्ही एकच. दुसऱ्याच्या हाताने केलं म्हणून आपला हात स्वच्छ राहत नाही.

लहानपणापासून ऐकलेलं. करे, करावे, अनुमोदे. पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टी माणूस ऐकत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच सांगते.

मम्मीजी घरी येताना म्हणाल्या, "आज तू बहुत ध्यान से सुन रही थी." बरं वाटलं त्यांना.

ठरवलं की वै.शी बोलायचं. "यापुढे मी टाकेन," असं साधं सांगायचं. त्यात एवढं काय.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बोलले नाही अजून.

आज रजा टाकून निघालो आणि राजूरला अडकलो. अंगारकी आहे हे दोघींच्याही लक्षात नव्हतं. निदान माझ्या नव्हतं. गणपतीला जिल्हाभरातून माणूस लोटलेलं, जीप, ट्रॅक्टर, नारळवाले, गाडी हलेना. वै. म्हणाली, "मॅडम, इथंच हाओत तं दर्शन घेऊन येऊ का? पटकन येते."

मी रांग बघितली. म्हटलं, "येताना घे. आत्ता ऊन चढेल, कोळी बिळात जातील."

येताना पाऊस लागला. मम्मीजींचं जेवण सूर्यास्ताआधी, मी नसले तर त्या थांबतात. मी गाडी थांबवली नाही. वै.ने काचेतूनच हात जोडले, बराच वेळ. मी विचारलं, "काय मागितलंस एवढं?" हसली फक्त.

तिच्या हातच्या बाटलीत आज आणखी एक मादी गेली. मी चिठ्ठी लिहिली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून धावड्याला. वै. आधीच सासरी गेलेली. मी पोचले तर ती शेळ्यांना पाला टाकत होती. मावशींनी मला बाजूला घेतलं, चुलीपाशी. त्यांनी म्हटलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर मी उद्या ते मऊ करीन:

"मॅडम, तुम्ही शिकेल मान्सं, म्या काय सांगावं तुम्हाला. पर हिला तिसरा लागला. पोटुशी बाईनं जीव मारू न्हाई. परवा बांधावर साप निघाला तं गजानननं बी सोडून देल्ला, घरात असं असल्यावर मारत न्हाईत. पर ही ऐकून न्हाई राह्यली. मन्ते, मॅडमच्या धर्मात चालत न्हाई, त्यान्ला पाप लागन, मंग मीच टाकते, माझं काय."

मला आधी तिसरा म्हणजे काय ते कळायलाच वेळ लागला. तिसरा महिना. पळसाखाली बसली होती ती. न खाल्लेली भाकरी. राजूरचे जोडलेले हात. प्राणिशास्त्र शिकवते मी.

आणि दुसरं. तिला माहीत होतं. मला वाटत होतं, हात चिखलाचे, चिठ्ठी लिहायचीय, चष्मा घसरला, ही माझी कारणं तिला खरी वाटतात. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तिने ते माझ्यासाठी स्वतःकडे घेतलं. न बोलता. "माझं काय."

ओढ्यात गेल्यावर मी म्हटलं, "अगं, सांगितलं का नाहीस?"

"सांगनार होते. चवथा लागल्यावर सांगावं म्हनतेत." मग बाटली घ्यायला हात पुढे केला. "म्हातारीचं मनावर घेऊ नका, मॅडम. मी काय अडाणी हाये का."

मी बाटली दिली नाही. म्हटलं, आज अल्कोहोल नाही, आज जिवंत न्यायच्या. मोठ्या मनाने म्हटलं. बाटल्या सगळ्या वै.ने अगोदरच अल्कोहोलने भरून ठेवलेल्या, त्या ओतून देववेना. शेवटी माझा जेवणाचा डबा धुतला, त्यात ओला पालापाचोळा भरला. तीन माद्या मिळाल्या, आजपर्यंतचा सर्वांत चांगला दिवस. तिन्ही त्याच डब्यात सोडल्या, मध्ये पानांचे थर. वै. म्हणाली, "मॅडम, एकत्र?" मी म्हटलं, "जालन्यापर्यंतच तर."

जालन्याला पोचून डबा उघडला. एक. बाकीच्यांचे पाय. लांडगा कोळी एकत्र ठेवू नयेत हे पहिल्या वर्षाच्या मुलाला मी परीक्षेत विचारते. उरलेलीही एका बाजूने खाल्लेली, नेमकं पोटाखालचं अंग गेलेलं. ना विज्ञानाच्या कामाची, ना सोडून देण्याजोगी. अहिंसा करायला गेले आणि हे करून आले.

मम्मीजींना वास आला असावा, डबा घासताना विचारलं, "इसमें क्या था?" मी म्हटलं, पालापाचोळा.

१७ ऑगस्ट, रविवार

सरांचा फोन. परवाच्या माद्यांचं काय झालं? सांगितलं. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मलाही नव्हती.

आणखी किमान एक अखंड मादी पाहिजे. पर्युषण बुधवारपासून. त्या आठ दिवसांत घराबाहेर पडणं अशक्य, त्यानंतर ओढ्याचं पाणी काय होईल सांगता येत नाही. मंगळवार तेवढा राहतो.

एकटी जायचं ठरवलं. एकटी जाईन, स्वतः पकडीन, स्वतः टाकीन. सत्तर टक्के अल्कोहोल, छोटी बाटली, झाकण उघडायचं, डबी तिरकी करायची. एवढंच आहे ते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एकटी गेले नाही. वै.चाच फोन आला, "मी धावड्यालाच हाये, तुम्ही या, मी वढ्यावर येते." नको म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, पण तू नुसती बसायचंस."

बसली नुसती. दगडावर, पाय पाण्यात सोडून. मला वाटलं होतं तेवढी फिकट दिसत नव्हती. बाळाचं बोलत होती. गजानन म्हणतो मुलगी व्हावी, मावशी म्हणतात काही होवो, नाक तेवढं आमच्याकडचं नको. मी हसले. मग मला मादी दिसली आणि मी डबी घातली. मोठी, अखंड, पाठ मोकळी. पिल्लं नाहीत. त्यातल्या त्यात बरं, असंही वाटून गेलं.

बाटली उघडली. डबी तिरकी धरली. तिच्या पुढच्या पायांनी डबीची कड चाचपून बघितली आणि माझा हात थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. उद्या पर्युषण, मम्मीजी, महासतीजी, लहानपणी मुंगी मेली म्हणून आईने दिवसभर बोलणं टाकलं होतं ते, सगळं त्या हातात आलं.

वै. उठून आली. तिने माझ्या हातातून दोन्ही घेतलं. "असं न्हाई होत, मॅडम. मी टाकते. तुम्ही तिकडं बघा."

मला सगळं माहीत होतं. तिसरा महिना, मावशींचं म्हणणं, तिने हे का अंगावर घेतलंय ते. जुलैमध्ये माहीत नव्हतं असं म्हणता येईल. आज तेही नाही. तरी मी तिकडं बघितलं.

२० ऑगस्ट, बुधवार

पर्युषण. उपास. सामायिक केलं, दोन घटका एका जागी डोळे मिटून. डोळे मिटले की दगडावर बसलेली वै. दिसते.

मादी उत्तम आहे. लॅबच्या कपाटात ठेवलीय. चिठ्ठीवर संकलक म्हणून माझं नाव.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी गजाननचा फोन. वै.ला काल पोळ्याच्या संध्याकाळपासून अंगावरून जातंय. बैलांना ओवाळताना कळलं. भोकरदनला दवाखान्यात नेलं. बाळाचे ठोके आहेत म्हणे. झोपून राहायला सांगितलंय, उठायचं नाही, नऊ दिवसांनी, सोमवारी, पुन्हा सोनोग्राफी, मग काय ते कळेल.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले कशामुळे. गजानन म्हणाला, "कशामुळं बी होतं म्हने. पहिल्या तीन महिन्यांत होतच असतं बऱ्याच जनींना." मग म्हणाला, "आई जरा भलतं बोलून राह्यली, मॅडम. तुम्ही फोन नका लावू दोन दिवस."

नाही लावला.

२४ ऑगस्ट, रविवार

कोळ्याचा आणि गर्भाचा काही संबंध नाही. हे मी लिहून ठेवते. मला शंभर टक्के माहीत आहे. कुणा विद्यार्थ्याने विचारलं असतं तर मी त्याला वर्गात उभं केलं असतं.

उन्हात डोंगर चढायला लावणं, छत्री धरून उभं करणं, खराब रस्त्याने गाडीत आदळत नेणं, त्याचा असेल तर असेल. तेही मीच.

मम्मीजी म्हणाल्या, किती उतरलीस, उपास सोड. त्यांना वाटतं तपाने उतरले.

२५ ऑगस्ट, सोमवार

सर विचारतात पेपरचं लिखाण कधी सुरू करताय. नावही सुचवलंय, केळणा नदीवरून ठेवू म्हणतात. मी "बघते सर" म्हटलं. कपाट उघडलं, बाटली उजेडात धरली, परत ठेवली. फार देखणी मादी आहे. हे वाटणंही थांबत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. बाहेर गणपतीचे ताशे, स्थानकात प्रतिक्रमण. चौऱ्याऐंशी लाख योनीतल्या सगळ्या जीवांची क्षमा मागितली. दोन पायांचे, चार पायांचे, सहा पायांचे, आठ पायांचे. आठ पायांचे मी खोकून टाळले. शेजारच्या भाभींना वाटलं ठसका लागला, उपासात पाणी चालत नाही म्हणून रुमाल दिला.

घरी सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते. हे माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "सालभर में कुछ कहा-सुना हो तो." मी त्यांना सगळं सांगून टाकलं. फोटो नाही, बाटल्या. वै. टाकायची. वै. पोटुशी आहे. ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, "मम्मी को मत बताना. और उस लड़की से मिलके आ."

व्हॉट्सअपवर हात जोडलेला 'मिच्छामि दुक्कडम्' सगळ्यांना गेला, दरवर्षी जातो तसा. यादीत वै. होतीच. तिचा लगेच उलटा आला, फुलांचा. तुमच्याकडून कधीच चूक झाली नाही मॅडम, असं खाली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

धावड्याला जाऊन आले.

मावशी दारात शेंगा निवडत होत्या. ऋषिपंचमीचा उपास. या म्हणाल्या, पाणी दिलं, पण रोजच्यासारखं मॅडम-मॅडम नाही. वै. बाजेवर. पायथ्याच्या खुरांखाली विटा लावून बाज उंच केलेली. मला बघून उठायला लागली, मी खांदे धरून झोपवलं. हाताला किती हलकी लागली.

सोमवारपासून अंगावरून जाणं कमी झालंय. पोट दुखत नाही. पुन्हा येत्या सोमवारी सोनोग्राफी. एवढं तिने आधीच सांगून टाकलं, मीच पेशंट असल्यासारखं.

मी तिच्यापुढे हात जोडले. तोंडाने म्हटलं, "वैशाली, मला क्षमा कर."

"काल आलतं की तुमचं, व्हॉट्सअपवर," म्हणाली आणि हसली. मग हसू गेलं. छताकडे बघत म्हणाली, "मॅडम, आत्याबाई मन्तेत त्याच्यानं झालं. कोळ्यांचा तळतळाट. तसं काही नसतं ना?"

"नसतं. बिलकुल नसतं. काहीएक संबंध नाही." मी हे शिकवण्याच्या आवाजात म्हटलं. ठाम. दारात शेंगा निवडायचा आवाज थांबला होता. मला वाटतं मी मावशींनाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं.

वै.ने मान हलवली. तिला हेच ऐकायचं होतं, चेहरा सैल झाला. आणि मग, अगदी साधेपणाने, वर्गात शंका विचारावी तसं तिने विचारलं, "मंग मॅडम, तुम्ही का न्हाई टाकायच्या?"

टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. संबंध असतो म्हटलं तर तिने या बाजेवर पडून सोमवारपर्यंत काय करायचं? नसतो म्हटलं, तर मी कोण?

मी म्हटलं, "मला अल्कोहोलच्या वासाची ॲलर्जी आहे गं. डोकं चढतं."

काल संवत्सरी झाली. पुढच्या वर्षासाठीचं पहिलं खोटं. तिच्या मनाला धीर म्हणून बोलले, असं लिहायला हात शिवशिवतोय. थोडं तसंही असेल. पण तोंडातून निघालं ते फार पटकन निघालं.

वै. माझ्याकडे बघत राहिली. लॅबमध्ये त्याच वासात आम्ही दोघी किती दुपारी डबे खाल्लेत. "असंल," म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी आणखी थोडा वेळ बसले. निघताना म्हटलं, सोमवारी दवाखान्यात मी येते, गाडी घेऊन. वै.ने ऐकलं की झोपली होती कळलं नाही. मावशींनी शेंगांचं सूप उचललं आणि मला वाट दिली.